काढलेली साय

आण्णांनी दुधाच्या पेल्यात करंगळी बुडवली, वर काढून खिडकीच्या उजेडाकडे धरली आणि म्हणाले, "आज साय काढली न्हाईस."

"काढली की. दोनदा काढली," गॅसपाशी उभी असलेली आक्का मागं न वळता म्हणाली.

"मग बोटाला हे काय चिकटलंय?"

"तुमची सवय चिकटलीया. प्या गुमान."

मी परसदाराच्या उंबऱ्यावर मेथी निवडत बसले होते. मला फुटलेलं हसू मी पदरात दाबलं. आण्णा माझे थोरले दीर. त्यांच्यासमोर मोठ्यानं हसायची आमच्या घरात रीत नव्हती, आणि मी तर विधवा, म्हणजे मला त्याहून नव्हती. आक्का माझी थोरली जाऊ. तिला तोंडावर मी 'तुम्ही' म्हणायची, मनात मात्र कायम 'तू'. त्या सकाळीला आता पंधरा-सोळा वर्षं झाली, तरी आण्णांचं ते उजेडाकडे धरलेलं बोट मला अजून दिसतं.

दूध ओळखण्यात आण्णांचा हात धरणारं फलटण तालुक्यात कुणी नव्हतं. सगळी नोकरी दूध संघाच्या प्रयोगशाळेत गेली. गावोगावहून कॅन यायचे, त्यातल्या दुधाला किती फॅट लागलं ते आण्णा सांगायचे आणि त्यावर शेतकऱ्याला दर मिळायचा. यंत्रं आली तरी ते आधी बोट बुडवून आकडा बोलायचे, मग यंत्र तोच आकडा दाखवायचं. पाणी घालणारा त्यांच्यापुढं मान खाली घालून उभा राहायचा. निवृत्तीनंतर त्यांनी परसात एक म्हैस बांधली, कारण पिशवीतलं दूध त्यांच्या लेखी दूधच नव्हतं. असल्या माणसाला साय काढलेलं निळसर दूध पाजायचं काम आक्काच्या वाट्याला आलं होतं.

झालं होतं असं की दिवाळीनंतर आण्णांना जिना चढताना छातीवर दाब यायला लागला. डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली, रक्त काढलं. कोलेस्टेरॉल भलतंच वाढलेलं निघालं. डॉक्टर म्हणाले, "तीन महिने गोळी घ्या आणि पथ्य कडक पाळा. मग परत रक्त बघू. उतरलं नाही तर पुण्याला पाठवावं लागेल." घरी आल्यावर आण्णांनी खुर्चीत टेकत विनोद केला, "माझ्या रक्ताला फॅट चांगलं लागलं. संघानं दर वाढवून दिला असता."

कुणी हसलं नाही. आमच्या घरात पुरुष साठी बघत नाहीत. सासरे जेवता जेवता ताटावर पडले, हातातला घास हातात. आमचे हे एसटी स्टँडवर उभ्या उभ्या गेले; घरी आणून ठेवलेल्या पिशवीत कोथिंबिरीची जुडी अजून ताजी होती. आण्णा साठीच्या तोंडाशी आले होते. त्या संध्याकाळी म्हशीला पेंड घालता घालता आक्का मला म्हणाली, "सिंधू, हा एक पुरुष राहिलाय घरात. ह्यास्नी मी जाऊ देत न्हाई. बघच तू."

तिच्या बोलण्यात जोर नव्हता. भाजीत मीठ घालायचं राहिलंय, ते घालते, अशा सुरात ती बोलली.

त्याच सुमाराला ज्येष्ठ नागरिक संघानं दत्त मंदिरामागच्या सभागृहात आहाराचा वर्ग सुरू केला. दर शनिवारी दुपारी साताऱ्याहून आश्लेषा बर्गे नावाची मुलगी यायची. आहारतज्ज्ञ. वयानं आण्णांच्या लेकीपेक्षाही लहान, खांद्याला भली मोठी पिशवी, आणि बोलायला लागली की थांबायची नाही. संघानं सभासदांना सांगितलं होतं की जोडीनं या, कारण स्वयंपाक शेवटी बायकाच करतात. पुरुष पुढं खुर्च्यांवर बसले, बायका मागं सतरंजीवर. माझी जोडी मोडलेली, पण आक्कानं मला ओढत नेलं. "मला सगळं ध्यानात राहायचं न्हाई. तू ऐक, मी करते."

पोरगी हुशार होती, हे मला पहिल्याच शनिवारी कळलं. तिनं मोठे शब्द वापरले नाहीत. आमच्या नळाच्या पाण्यातल्या क्षारानं चोंदलेला पाइपचा तुकडा तिनं प्लंबरकडून आणला होता. तो सगळ्यांच्या हातांतून फिरवला आणि म्हणाली, "शिरा अशाच भरतात. दुखत नाही, खुपत नाही, कळत नाही." मग महिन्याला एका माणसानं किती तेल खावं तेवढं तिनं बाटलीत ओतून दाखवलं. मागच्या सतरंजीवर एकदम कुजबुज झाली. तेवढं तेल आमच्याकडं एका रविवारच्या रश्शालाच लागायचं.

ती सांगत गेली. पोट मारायचं नाही, अदलाबदल करायची. ज्वारीची भाकरी, उसळ, पालेभाजी वाढवा. शेंगदाण्याच्या कुटाचा हात आखडता घ्या. जवसाची चटणी करा. भज्यांचं उरलेलं तेल दुसऱ्या दिवशी फोडणीला वापरू नका. मटणाची चरबी कापून काढा. आणि दूध तापवून, थंड करून, त्यावरची साय काढा. परत तापवा, परत काढा.

"काही शंका?" तिनं विचारलं.

पुढच्या खुर्च्यांवरून शंका आल्या. दारूचं एका काकांनी आडून आडून विचारलं. मागून कुणी बोललं नाही. मग आक्कानं हात वर केला. चारचौघांत तोंड उघडलेलं मी तिला आधी कधी पाहिलं नव्हतं.

"मॅडम, काढलेल्या सायीचं काय करायचं?"

"टाकून द्या," आश्लेषा म्हणाली.

सभागृह गपकन शांत झालं. दुधावर जगणाऱ्या तालुक्यात साय टाकून द्या! एका म्हातारीनं तर हात जोडून कपाळाला लावले. पोरगी गोंधळली. हसून म्हणाली, "म्हणजे... तुम्ही काहीही करा हो काकू. काकांच्या पोटात जायला नको, एवढंच."

सगळे हसले. आक्कानं मान हलवली आणि खाली बसली. तिला हवं होतं ते उत्तर मिळालं होतं.

वर्ग सुटल्यावर बाहेर टेबल मांडून रक्त घेत होते. पुरुषांची रांग लागली. आश्लेषा बायकांच्या घोळक्याकडं आली. "काकू, तुम्हीही द्या ना रक्त. बायकांचंही वाढतं. पाळी गेल्यावर तर जास्तच."

"मला काय धाड भरलीया?" आक्का म्हणाली. "दोन म्हशींचं काम एकटी करते मी. ह्यांचं घ्या नीट." बाकीच्या बायकाही तेच बोलल्या, आपापल्या परीनं. कुणाला घरी जाऊन चहा ठेवायचा होता, कुणाला सुई बघूनच घेरी येत होती. पोरीनं आणखी एकदा आग्रह केला, मग तिची शेवटची गाडी निघायची वेळ झाली.

आक्कानं सगळं मनावर घेतलं. आमच्या स्वयंपाकघरात तेव्हापासून दोन स्वयंपाक सुरू झाले. आण्णांची उसळ मोजक्या तेलात, त्यांची आमटी पातळ, त्यांची भाकरी ताजी. रविवारी खाटकाकडून आलेल्या मटणाची चरबी ती सुरीनं अशी निगुतीनं कापायची की बघत राहावं. अंडं उकडलं तर पांढरं आण्णांच्या ताटात. आण्णा कुरकुरायचे. "हे जेवण हाय का दवाखाना?" आक्का म्हणायची, "जेवण गोड लागतंय तवर जगायचं असतं व्हय? जगायचं असतं म्हणून जेवायचं." मग तेही गप्प बसून जेवायचे. सकाळी फिरायला जायला लागले. डिसेंबर संपता संपता जिना चढताना थांबेनासे झाले.

सायीबद्दल मात्र त्यांनी एकदा विचारलंच. आयुष्यभर फॅटचा हिशोब ठेवलेला माणूस. रोज निघणारी वाटीभर साय त्यांच्या डोक्यातून जाईना.

"तूप करती न्हवं? उज्ज्वलाच्या बाळंतपणाला होईल."

उज्ज्वला त्यांची लेक, पुण्याला दिलेली. लग्नाला बरीच वर्षं होऊन गेल्यावर तिला दिवस राहिले होते. आक्कानं फळीवरच्या चिनीमातीच्या बरणीकडं बघितलं. बरणीच्या तोंडाला पांढऱ्या फडक्याचा दादरा बांधलेला होता.

"व्हय," ती म्हणाली.

आण्णांचं समाधान झालं. येता जाता त्यांची नजर त्या बरणीवर जायची.

संक्रांतीच्या आसपासची दुपार. आण्णा जेवून पडले होते. मी वाळत घातलेले कपडे काढायला परसात गेले, तर गोठ्याच्या पडवीत आक्का भिंतीला टेकून, पाय लांब करून बसलेली. मांडीवर जर्मनची वाटी. तिच्यात साय, वर साखर. दुसऱ्या हातात सकाळच्या शिळ्या भाकरीचा तुकडा. ती तो सायीत बुडवून डोळे मिटून खात होती. पायांतली जोडवी ऊन खात होती. मला बघून ती दचकली, आणि मग तिला इतकं हसू आलं की साखर पदरावर सांडली.

"बस," म्हणाली. "कुणाला सांगू नगंस."

"मी कुणाला सांगणार? भिंतीला?"

मी बसले. तिनं एक घास माझ्यापुढं धरला. मी खाल्ला. गार साय, दाताखाली कडकडणारी साखर.

"मी या घरात आली तवा सोळा वर्षांची होती," आक्का सांगायला लागली. "तवापासून रोज साय काढती. सासूबाई बोटानं बरणी तपासायच्या, रात्रीएवढीच सकाळी हाय का न्हाई. साय मामंजींची. साय ह्यांची. मग तुझ्या मालकाची. आपल्या पोळीला वनस्पती तूप. तुला आठवतंय न्हवं?"

आठवत नव्हतं कसं? आमच्या घरात तुपाचे दोन डबे असायचे. घरच्या लोण्याचं तूप पुरुषांच्या पानात, दुकानातलं घट्ट पांढरं वनस्पती बायकांच्या पोळीवर. सणाच्या दिवशी भजी, कुरडया तळून उरलेलं तेल काळं होईस्तोवर बायकांच्या कालवणात. ते कुणी ठरवलं नव्हतं, तसंच चालत आलं होतं. मी या घरात आल्यावर आक्कानंच मला कोणता डबा कुणाचा ते दाखवलं होतं. सासूबाई गेल्या तरी डबे दोनच राहिले.

"चाटून बघावी वाटायची, पर चाटली न्हाई कधी," आक्का म्हणाली. "पाप लागंल असं वाटायचं. आता ह्यांच्या पोटात जायला नको म्हणून डॉक्टरीणबाईच सांगती. म्हशीला घालू? मोरीत वतू? अन्न हाय ते." तिनं वाटीचा काठ बोटानं पुसून घेतला. "त्या पोरीनं माझं नशीब उघडलं बघ, सिंधू."

मग मला कळलं की साय एकटी नव्हती. अंड्यातलं पिवळं, मटणाची कापलेली चरबी, भज्यांचं उरलेलं तेल, आण्णांच्या ताटातून जे जे गेलं ते सगळं तिच्या ताटात येत होतं. पण चरबी आणि तेल ती टाकवत नाही म्हणून खायची. साय ती आवडीनं खायची. दिवसातली ती एवढीच वेळ तिची होती, आणि तिच्या तोंडावर तेव्हा जे दिसायचं ते मी आधी कधी पाहिलेलं नव्हतं. मला तिचा हेवा वाटला, खरं सांगते. माझ्या नवऱ्याला वाचवायला कुणी वर्ग भरवला नव्हता, आणि माझ्या वाट्याला साय यायचा प्रश्नच नव्हता.

ती थोडी भरल्यासारखी दिसायला लागली. शेजारणी म्हणायच्या, "अनसूयाक्काच्या अंगाला सुख लागलं." पण फेब्रुवारीत तिला गोठ्यात पाण्याची बादली नेताना मध्येच खाली ठेवावी लागायला लागली. दाढ ठणकते म्हणायची. लवंग धरायची दाताखाली. पाठीत, दोन्ही खांद्यांच्या मध्ये भरून येतं म्हणायची, मग मी तेल चोळून द्यायची.

"दवाखान्यात दाखवूया, आक्का."

"दाढंला दवाखान्यात काय दाखवायचं? ह्यांचं रक्त हाय पुढच्या आठवड्यात. त्ये होऊ दे. मग बघू."

ते झालं. आण्णांचं कोलेस्टेरॉल उतरलं. नुसतं उतरलं नाही, डॉक्टरांनी कागद दोनदा पाहिला आणि आण्णांशी हात मिळवला. पुण्याची गरज उरली नव्हती. आण्णा घरी येऊन पायरीवरूनच ओरडले, "फॅट पडलं! गाईच्या दुधाच्या खाली आलं!" आक्का कणीक मळत होती. तिनं कणकेचे हात तसेच कपाळाला लावले आणि देवघराकडं वळली. कपाळावर पिठाचा ठिपका राहिला तो तिला मी दाखवला नाही.

शनिवारी वर्गाचा समारोप होता. आश्लेषानं ठरवलं होतं की ज्या घरचा आकडा सगळ्यात जास्त उतरला, त्या घरच्या बाईचा सत्कार करायचा, काकांचा नाही. "कारण परीक्षा काकांनी दिली, पण अभ्यास काकूंनी केला," ती म्हणाली, आणि टाळ्या पडल्या. अनसूया दिनकर भोईटे असं नाव पुकारलं. आक्का सतरंजीवरून उठायला गेली, तिला उठताना माझ्या खांद्याचा आधार घ्यावा लागला. खुर्च्यांच्या मधून पुढं जाताना ती दोनदा थांबली. लोकांना वाटलं लाजतेय. आश्लेषानं तिला कुंकू लावलं, नारळ दिला, आणि नाक असलेलं तेलाचं लहानसं काचेचं भांडं दिलं, ज्यातून तेल थेंब थेंब पडतं.

"काकू, दोन शब्द बोला."

आक्कानं माइककडं बघितलं. "मी काय बोलू? ह्ये बरं झालं, बास." आणि ती परत आली. तिचा हात घामानं ओला होता.

सोमवारी सकाळी म्हशीची धार काढायला बसली आणि तिथंच कलंडली. दुधाची चरवी लवंडली, ते दूध शेणात मिसळून माझ्या पायापर्यंत आलं. आण्णा फिरायला गेले होते. मी हाका मारल्या, शेजारचे आले, रिक्षात घातलं. रिक्षात तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ती एवढंच म्हणाली, "ह्यांच्या दुधाची साय काढायची राहिली, सिंधू." दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत ती होती, आत नेल्यावर नव्हती.

डॉक्टर बाहेर आले. तेच, आण्णांचे. आण्णा धावत आलेले, पायात चप्पल नाही.

"मोठा झटका होता. ही आजची गोष्ट नव्हे, वर्षानुवर्षांचं असणार. साखरही वाढलेली होती." मग त्यांनी विचारलं, "यांचं रक्त कधी तपासलं होतं?"

आण्णांनी माझ्याकडं बघितलं. थोरल्या दिरानं माझ्याकडं सरळ नजरेनं बघितलं ते मी त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा. मी मान हलवली. कधी म्हणजे कधीच नाही. तिचं रक्त पहिल्यांदा त्या दवाखान्यात काढलं, आणि त्याचा उपयोग फक्त आम्हाला हे सांगण्यापुरता झाला.

आण्णा आत तिच्यापाशी गेल्यावर मी तीन महिन्यांच्या सायीचं डॉक्टरांना सांगितलं. दवाखान्याच्या भिंतीकडं तोंड करून, हळू आवाजात. ते म्हणाले, "तीन महिन्यांत शिरा भरत नाहीत बाई. सायीनं भर घातली असेल. पण हे फार आधीपासूनचं आहे." मला तो दोन नंबरचा डबा आठवला. ते घट्ट, पांढरं, बायकांचं.

आश्लेषा भेटायला आली. दारातच रडायला लागली, तिला मलाच धरावं लागलं. मला तिचा राग आला नाही. तिनं सांगितलेलं सगळं खरं होतं, हे मी आजही म्हणते. आण्णा पंचाहत्तरीच्या पुढं आहेत, जिना चढतात. राग मला दुसऱ्या कशाचा तरी येतो, त्याला तोंड नाही म्हणून तो कुणावर काढता येत नाही. जाताना पोरीनं डोळे पुसले आणि विचारलं, "काकू, तुमचं रक्त?" मी हात पुढं केला. माझंही वाढलेलंच निघालं. त्या दिवसापासून मी गोळी घेते. पुढच्या वर्षी तिचा वर्ग पुन्हा भरला, तेव्हा तिनं बायकांना पुढच्या खुर्च्यांवर बसवलं आणि आधी त्यांचं रक्त घेतलं. मी पहिल्या रांगेत होते.

पण सांगायचं आहे ते तेराव्याचं.

तेराव्याला गोडाचं जेवण. उज्ज्वला आली होती, पोट पुढं आलेलं, भिंतीला टेकून बसलेली, डोळे सुजलेले. भाऊबंद जमले होते. मी आणि दोघी-तिघी स्वयंपाकघरात. पुरणाला तूप लागणार होतं. भावकीतल्या एकानं विचारलं, "तूप किती आणू?"

"इकत कशाला आणायचं?" आण्णा बाहेरच्या खोलीतून म्हणाले. "तिनं साठवलंय की. उज्ज्वलाला म्हणून. त्यातलंच वाढा. आज तिच्या हातचं तूप पानात पडू दे."

ते स्वतःच आत आले. इतर बायका पदर सावरून बाजूला झाल्या. त्यांनी फळीवरची बरणी दोन्ही हातांनी उतरवली. उतरवताना त्यांचे हात वर गेले ते गेलेच, कारण बरणी त्यांना वाटली होती तेवढी जड नव्हती. त्यांनी ती ओट्यावर ठेवली, दादरा सोडला.

बरणी रिकामी होती. घासून, पुसून, कोरडी करून ठेवलेली.

बराच वेळ ते आत बघत राहिले. बाहेर कुणीतरी पाटांची मांडामांड करत होतं, त्याचा आवाज येत होता.

"लोणी कढवल्याचा वास आलाच न्हाई की घरात," ते हळूच म्हणाले. स्वतःशीच. "सगळा हिवाळा. एकदाबी न्हाई."

दुधात सगळा जन्म गेलेला माणूस. एका थेंबावरून पाणी सांगणारं त्यांचं बोट आणि कॅनचं झाकण उघडायच्या आत दूध नासलंय म्हणणारं नाक. मला त्यांची कीव आली आणि तेवढाच संतापही आला. दोन्ही एकदम.

"मग रोजची साय जायची कुठं?"

मी पदर डोक्यावर सारखा केला नाही. म्हणाले, "आक्का खायच्या, आण्णा."

त्यांनी वळून बघितलं.

"दुपारी. तुम्ही पडलात की. गोठ्याच्या पडवीत बसून. साखर घालून, शिळ्या भाकरीबरोबर."

मला वाटलं चिडतील, किंवा रडतील, किंवा विचारतील की तू सांगितलं का नाहीस. छत्तीस वर्षं ज्या बाईच्या हातचं जेवले, तिच्याबद्दल त्यांनी मला एकच गोष्ट विचारली.

"तिला साय आवडायची?"

"लई," मी म्हटलं.

आण्णांनी बरणी जवळ ओढली, तिच्यात हात घातला, करंगळी तळाशी सगळीकडून फिरवली आणि वर काढून खिडकीच्या उजेडाकडे धरली. बोट कोरडं होतं.